नवी बॅटरी टाकूनही सेल्फ दमल्यासारखा फिरतो. आधी काय बघू?

मेथीची_जुडी (शनिवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. बाबांची २०१५ ची डिझेल हॅचबॅक आता माझ्याकडे आहे. १ लाख १८ हजार किमी झालेत. मुक्काम नाशिक, ऑफिस जेमतेम ६ किमी.

गेला महिनाभर सकाळी चावी फिरवली की सेल्फ (इंजिन फिरवून गाडी चालू करणारी मोटर) "घुर्रर्र... घुर्रर्र... घुर्र..." करतो. आजोबा जिना चढताना दर पायरीवर थांबतात ना, अगदी तसा. तिसऱ्या-चौथ्या पायरीला गाडी लागते. एकदा लागली की दिवसभर काही तक्रार नाही. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवाही येत नाही.

जुनी बॅटरी साडेतीन वर्षांची होती. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बॅटरी गेली." टाकली नवी. चार दिवस बरं वाटलं (किंवा पैसे गेल्यामुळे मला तसं वाटलं), मग परत ये रे माझ्या मागल्या. पुन्हा गेले तर तो म्हणे बॅटरी ओके आहे, सेल्फ बदला. गॅरेजवाला म्हणतो डायनामो, म्हणजे चालू गाडीत बॅटरी भरणारं यंत्र. दोघांनीही बॉनेट उघडायच्या आत निदान सांगितलं.

तिसऱ्याकडे जाण्याआधी मला स्वतःला काय तपासता येईल? बाबांचा मल्टिमीटर आहे घरात. थोडाफार वापरता येतो.

पायवाट

बॅटरी डुप्लिकेट मिळाली असणार. दुकान बदला, बॅटरी बदला, विषय संपला.

तिरकस_रेघ

माझंही रोज सकाळी असंच होतं. घुर्र, घुर्र, घुर्र, मग दोन कप चहा, आणि तिसऱ्या फेरीला लागतो. मल्टिमीटर कुठे लावून बघू?

अवकाळी

तिरकस +१. मला धक्का स्टार्टच लागतो.

ताई, ६ किमी ऑफिस हाच तुमचा प्रॉब्लेम. डिझेल गाडीला एका सेल्फला जेवढा करंट लागतो तो भरून निघायला गाडी थोडी तरी पळायला हवी. त्यात एसी, हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर. बॅटरी कायम अर्धपोटी राहते. रविवारी त्र्यंबकला चक्कर मारून या आणि बघा.

वायरमन_काका (रविवार, सकाळी ६:५५)

मी कोल्हापुरात ३१ वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम केलं, आता मुलगा बघतो. म्हणून चार शब्द.

पहिलं म्हणजे दुखणं नीट ओळखा. सेल्फ जोरात फिरतोय पण गाडी लागत नाही, हे एक दुखणं. त्यात डिझेल, हीटर प्लग, सेन्सर असलं बघायचं. सेल्फच हळू फिरतोय, हे दुसरं. तुमचं दुसरं आहे, त्यामुळे डिझेल लाइनकडे बघूसुद्धा नका. कारणं मोजकीच असतात. बॅटरीत करंट नाही, करंट आहे पण वाटेत अडतोय, सेल्फ स्वतः जाम आहे, नाहीतर इंजिनच जड झालंय. शेवटचं क्वचित.

आता मीटर घ्या, २० व्होल्ट डीसीवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीवर, दार फार वेळ उघडं न ठेवता, बॅटरी मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी, आणि तिच्याकडून डिझेल इंजिन फिरवायची अपेक्षा करू नका. गाडी चालवून आल्या आल्या मोजू नका, तो आकडा वरवरचा असतो.

मग घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मारत असताना आकडा बघा. ९.६ च्या खाली जायला नको. आकडे पटापट पळतात, म्हणून मोबाइल मीटरसमोर धरून व्हिडिओ काढा आणि मग सावकाश बघा, सगळ्यात खालचा आकडा कुठला ते.

शेवटी गाडी चालू ठेवून मोजा. १३.८ ते १४.५ मध्ये असेल तर डायनामोचं नाव काढायचं कारण नाही.

एक लक्षात ठेवा. प्रोब क्लॅम्पवर टेकवायचा नाही, क्लॅम्पच्या मधोमध जो शिशाचा खुंट दिसतो त्यावर टेकवायचा. खुंट आणि क्लॅम्प यांच्यात घाण असेल तर क्लॅम्पवरचा आकडा फसवतो.

मेथीची_जुडी

काका, हे फ्रिजवर चिकटवून ठेवते. आज पाहुणे आहेत, उद्या सकाळी मोजते.

जुने_खोड

इतकं कशाला? गाडी चालू ठेवायची, बॅटरीची निगेटिव्ह काढायची. गाडी बंद पडली तर डायनामो गेला, चालू राहिली तर बॅटरी गेली. आम्ही फियाटवर चाळीस वर्षं हेच केलं. ना मीटर, ना व्हिडिओ.

सर्किट_शून्य

@जुने_खोड, कृपा करून हा सल्ला देऊ नका. चालू गाडीत बॅटरी हा डायनामोचा धक्के पचवणारा भाग असतो. ती अचानक काढली की व्होल्टेज एका झटक्यात कितीतरी वर उडी मारतं, आणि ती उडी थेट ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये जाते. माझ्या भावाने हे केलं. डायनामो चांगला निघाला, ईसीयू गेला.

जुने_खोड

फियाटमध्ये ईसीयू नव्हता.

सर्किट_शून्य

म्हणूनच फियाट वाचली.

वायरमन_काका

खोडसाहेब, तुमच्या काळी बरोबर होतं, आता नाही. फियाटला हँडलही होतं. सेल्फ रुसला तर हँडल काढून फिरवायचं आणि अंगठा दांड्याभोवती गुंडाळायचा नाही, ही पहिल्या दिवसाची शिकवण. इंजिन उलटं झटकलं तर मनगट जायचं.

पुस्तकी_किडा

अवांतर: सेल्फ गाडीत आला तो या हँडलच्या भीतीपायीच. चार्ल्स केटरिंगने विजेवर चालणारा स्टार्टर केला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो पहिल्यांदा बसून आला. तोवर गाडी चालवायची म्हणजे आधी पैलवानकी.

जुने_खोड

आम्ही पैलवानच होतो.

वऱ्हाडी_ठेचा

काहून बिचाऱ्या थंडीले दोष देता सारे? आमच्या अकोल्यात मे महिन्यात ४५ डिग्री राह्यते. बॅटरीले मारते उन्हाळा, थंडीत फक्त तिची तेरवी होते. बॉनेटखाली पाणी आटते, प्लेटा खराब होतात, अन् डिसेंबरात सेल्फ नाही घेतला की लोकं म्हन्तात थंडी पडली. इकडे बॅटरी तीन वर्षं टिकली तरी आम्ही पेढे वाटतो.

उणे_तीस

कॅनडातल्या विनिपेगहून राम राम. वऱ्हाडी भाऊंचं खरं आहे, पण थंडीचीही बाजू ऐका. इथे जानेवारीत उणे ३० सहज. गार पडलेल्या बॅटरीची ताकद निम्म्याच्याही खाली येते आणि त्याच वेळी इंजिनमधलं ऑइल काकवीसारखं घट्ट होतं. म्हणजे पैलवान अर्धा आणि दगड दुप्पट. म्हणून इथे गाड्यांच्या पुढच्या जाळीतून शेपटीसारखी एक वायर लोंबत असते. रात्री ती प्लगमध्ये लावायची, की इंजिन कोमट राहतं. पार्किंगमध्ये खांबाखांबावर प्लग असतात. आई पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "अरे वा, इथे सगळ्यांच्या विजेवरच्या गाड्या!"

नाशिकची थंडी यापुढे काहीच नाही. फक्त ऑइल कोणतं टाकलंय तेवढं बघा. कुणी स्वस्तात २०डब्ल्यू५०सारखं जाड ऑइल ओतलं असेल तर सकाळी थोडा फरक जाणवेल. पण जिना चढणारे आजोबा होणार नाहीत.

डॅशकॅमवाला

माझा अनुभव. गाडी दोन दिवस उभी राहिली तरी चालायची, चौथ्या दिवशी बॅटरी बसायची. दोन बॅटऱ्या बदलल्या. शेवटी एका वायरमनने निगेटिव्ह केबल काढून मध्ये मीटर लावला, दहा अँपिअरवर. गाडी लॉक करून अर्धा तास थांबला, कारण आतली यंत्रं झोपायला वेळ घेतात. झोपल्यावर ५० मिलीअँपिअरच्या आत असायला हवं होतं, माझं होतं ३००. एकेक फ्यूज काढत गेला, एका फ्यूजला आकडा धपकन खाली आला. डॅशकॅम! बसवणाऱ्याने तो कायम चालू राहणाऱ्या लाइनवर जोडला होता. ३०० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला ७.२ अँपिअर-तास. माझी बॅटरी ४५ ची. चार दिवसांत निम्म्याहून जास्त रिकामी. चोर सापडावा म्हणून कॅमेरा लावला आणि कॅमेराच चोर.

तिरकस_रेघ

डॅशकॅमवाला, आयडी बदला आता.

खारं_वारं

आमच्या देवगडकडे वेगळीच तऱ्हा. बॅटरी चांगली, सेल्फ चांगला, टर्मिनल चकचकीत. तरी घुर्र घुर्र. शेवटी अर्थिंगची केबल (बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडी-इंजिनला जाते ती) कापून बघितली. वरून ठणठणीत, साल सोलली तर आत तांब्याचा हिरवा भुगा. समुद्राची हवा वायरच्या सालीखालून चालत जाते हो. मी दर दिवाळीला टर्मिनल काढून, गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतो, कोरडी करतो आणि वर व्हॅसलीन लावतो. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलं आणि पान्हा बॉडीला लागला तर दिवाळी तिथेच.

मेथीची_जुडी (सोमवार, सकाळी ८:२०)

मोजलं! नवऱ्याला सेल्फ मारायला बसवलं, मी पुढे.

रात्रभर उभी: १२.५८
सेल्फ मारताना सगळ्यात खाली: १०.९
गाडी चालू: १४.२

मधले तेवढे वेळ सेल्फ नेहमीसारखाच रडत होता. डॅशकॅम नाही. ऑइल मॅन्युअलप्रमाणेच आहे, बिलावर बघितलं.

पायवाट

मग सेल्फ गेला. बॅटरी म्हटलं होतं ते मागे घेतो.

अवकाळी

त्र्यंबकही रद्द.

वायरमन_काका

थांबा, सेल्फलाही एवढ्यात फाशी देऊ नका.

ताईंच्या आकड्यांत एक गंमत आहे. सेल्फ हळू फिरतोय, तरी बॅटरी १०.९ वर टिकून आहे. बॅटरी अशक्त असती तर ती नऊ-साडेआठला कोसळली असती. सेल्फ आतून जाम असता, बुश झिजून आर्मेचर घासत असतं, तर त्याने दाबून करंट ओढला असता, तेव्हाही बॅटरी खाली गेली असती. इथे बॅटरी द्यायला तयार आहे आणि सेल्फपर्यंत पोचत नाहीये. म्हणजे एकतर वाटेत अडथळा, नाहीतर सेल्फमधले कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे तुकडे) संपलेत. वाट तपासायला पैसे लागत नाहीत, म्हणून आधी वाट.

आता असं करा. मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर. रंग लावलेला भाग नको, एखादा स्वच्छ बोल्ट किंवा लिफ्टिंगचा हूक बघा. सेल्फ मारा. मीटरवर ०.२, फार तर ०.३ यायला हवं. तेवढं व्होल्टेज अर्थिंगच्या वाटेत वाया जातंय असा त्याचा अर्थ. नंतर तसंच पॉझिटिव्ह खुंट ते सेल्फचा जाड नट, तिथे ०.५ च्या आत. पण तो नट खाली असतो, हात जायला त्रास. निगेटिव्ह आधी करा.

आणि हात, ओढणी, केस पट्ट्यापासून लांब. गाडी न्यूट्रलला. दोन-तीन सेकंद सेल्फ पुरे.

सर्किट_शून्य

काकांच्या म्हणण्याला गणिताची जोड. सेल्फ अंदाजे २०० अँपिअर खातो असं धरा. वाटेत ओहमचा फक्त शंभरावा भाग जरी अडथळा आला तरी २ व्होल्ट गायब. घरचा मीटर ओहमवर लावून हा अडथळा दिसतच नाही, तो शून्यच दाखवतो. आणि त्याच वायरवर बल्ब लावला तर झक्क पेटतो, कारण बल्बला पाच अँपिअरही लागत नाहीत. म्हणून "हेडलाइट छान लागतायत म्हणजे वायरिंग ठीक" हे इथे चालत नाही. उलट सेल्फ रडतोय आणि हेडलाइट तसेच लख्ख आहेत, ही वायरिंगवर किंवा सेल्फवर संशय घ्यायची खूण.

मेथीची_जुडी (मंगळवार, सकाळी ८:०५)

काका, १.९ आलं. मला वाटलं चुकलं, म्हणून तीनदा केलं. १.९, १.८, १.९.

वायरमन_काका

सापडला. तुमचं अर्थिंग गेलंय.

आता आठवून सांगा, एवढ्यात गिअरबॉक्स, क्लच, सेल्फ, यातलं काही उतरवलं होतं का?

मेथीची_जुडी

अं... जुलैत क्लच प्लेट बदलली होती. हे लिहायचं राहिलं का?

अवकाळी

राहिलं.

पायवाट

राहिलं!

तिरकस_रेघ

डॉक्टर, पोट दुखतंय. काही खाल्लं होतं का? नाही हो. बरं, काल लग्न होतं का? हो, होतं की.

मेथीची_जुडी

अहो क्लचनंतर चार महिने गाडी नीट होती, म्हणून संबंध लावलाच नाही. आणखी एक, हसू नका. गेले दोन आठवडे कधीकधी सेल्फ जास्त मारला की गिअरच्या दांड्याजवळून जळक्या रबरासारखा वास येतो. मी समजत होते मॅट तापली.

वायरमन_काका

हसत नाही. घाबरलो. आता दुरुस्त होईपर्यंत गाडीला सेल्फ मारू नका.

काय होतंय ते सांगतो. सेल्फ इंजिन-गिअरबॉक्सवर बसलेला. त्याचा परतीचा करंट तिथून जाड अर्थ पट्टीने बॅटरीकडे जातो. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवला की ही पट्टी सोडावी लागते. परत लावताना बोल्ट नीट आवळला नाही, किंवा खाली गंज, माती तशीच ठेवली, तर पहिले काही महिने चालून जातं. मग पावसाचं पाणी, थरथर, ठिणग्या, आणि जागा काळी पडत जाते. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं, त्यामुळे बॉडीशी त्याचा दुसरा नीट संबंध नाही. मग करंट दुसरी वाट शोधतो. गिअरच्या केबलची आतली तार पोलादी, एक टोक गिअरबॉक्सवर, दुसरं तुमच्या दांड्याखाली. दोनशेतले काही अँपिअर त्या तारेतून जायला लागले की ती शेगडीच्या कॉइलसारखी तापते. तुमचा वास तो आहे. मी अशा वितळलेल्या केबल हातात धरल्यात.

खात्री करायची असेल तर एकच प्रयोग. कुणाची तरी जंपर केबल आणा, फक्त काळी घ्या. एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर घट्ट. मग सेल्फ मारा.

मेथीची_जुडी (मंगळवार, संध्याकाळी ७:३०)

शेजारच्या काकांची जंपर केबल. चिमटे लावले. नवरा चावीवर, सोसायटीचा वॉचमन प्रेक्षक.

टर्रकन. एका झटक्यात. आजोबा दोन-दोन पायऱ्या एकदम चढले!

मग टॉर्च घेऊन वाकले. बॅटरीच्या ट्रेखाली गिअरबॉक्सवर विणलेली पट्टी दिसली. बोल्टला हात लावला तर तो बोटाने फिरला. हो, बोटाने. निगेटिव्ह काढली, बोल्ट सोडला. पट्टीचं टोक एका बाजूला काळं ठिक्कर, मधोमध मोहरीएवढा खड्डा, कडेला नाशिकची लाल माती तशीच वाळलेली. पॉलिश पेपरने पट्टीचं टोक आणि गिअरबॉक्सवरची जागा दोन्ही घासली, खाली पांढरा धातू दिसेपर्यंत. दहा नंबर बसेना, तेरा लागला. आवळला, वर व्हॅसलीन (खारं_वारं, आभार).

नवे आकडे:
अर्थिंगमध्ये वाया: ०.१५
सेल्फ मारताना बॅटरी: १०.४

डॅशकॅमवाला

अभिनंदन! पण आधी १०.९ होतं, आता १०.४. म्हणजे बॅटरीवर ताण वाढला ना? काहीतरी बिघडलं का?

वायरमन_काका

चांगला प्रश्न, भल्याभल्यांना फसवणारा. आधी अडथळ्यामुळे करंटच कमी वाहत होता, म्हणून बॅटरी आरामात होती, म्हणून १०.९. आता सेल्फला हवा तेवढा करंट मिळतोय, म्हणून सुरुवातीच्या झटक्याला बॅटरी थोडी जास्त वाकते. १०.४ अगदी निरोगी आकडा आहे.

जुडीताई, गिअरची केबल मात्र एकदा बघून घ्या. दांड्याचं कव्हर उचलून बघा, वरचं प्लास्टिक वितळलं असेल तर बदला. गिअर जड पडत असेल तर नक्की बदला.

जुने_खोड

मीटर चांगला दिसतो. कुठला घ्यावा?

सर्किट_शून्य

खोडसाहेब, यावर वेगळा धागा काढा, पण काढा. मी येतो.

वऱ्हाडी_ठेचा

म्हंजे जुनी बॅटरी चांगलीच होती का मंग?

मेथीची_जुडी

ती नव्याच्या बदल्यात दुकानात दिली. आज तिकडून जाताना बघितलं, दारातल्या रिक्षेत कुठलीतरी जुनी बॅटरी बसवत होता. आपलीच असेल असं उगाच वाटलं.

तिरकस_रेघ

रिक्षा लगेच लागली का?

मेथीची_जुडी

एका झटक्यात.